कलेव्यापर्यंतचा नकाशा

जो ब्रह्मदेशात गेलाच नाही, त्याने तिथल्या प्रवासाबद्दल लिहू नये, हे मला कळतं. मी सायकलवर गेलो तो अमळनेरहून सोनगीरच्या जवळच्या एका खेड्यापर्यंत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि लिहिण्याची सवय परीक्षेच्या पेपरापुरती. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. ज्या दोघांबद्दल लिहितो आहे ती दोघंही आता हयात नाहीत. तरी मी नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव गाळलं आहे.

शहाऐंशी-सत्याऐंशीचा हिवाळा होता. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सायकलवरून जग फिरलेले एक गृहस्थ कॉलेजात भाषण देऊन गेले. त्यांच्या वहीत देशोदेशीचे शिक्के होते. ते गेल्यावर मी आणि माझा वर्गमित्र किशोर दोन दिवस दुसरं काही बोललो नाही. किशोर मारवाडी कापडदुकानदाराचा मुलगा. युरोपात सगळेच जातात, आपण कोणी जात नाही अशा देशात जाऊ, असं आमचं ठरलं. ब्रह्मदेश शेजारीच होता आणि तिथे कोणी जात नव्हतं. का जात नाही, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

वाचनालयातल्या जुन्या ॲटलासवर पातळ कागद ठेवून मी नकाशा उतरवला. इंफाळ, तामू, चिंदविन नदीकाठचं कलेवा, मग मंडाले.

किशोर म्हणाला, "यात चढ कुठे दाखवलेत?"

"चढ नाहीत यात."

"मग बरं आहे. सपाट देश आहे."

कॉलेजातल्या शिपाईमामांनी हे ऐकलं. त्यांच्या सासुरवाडीला नथूनाना नावाचे म्हातारे होते. मोठ्या लढाईत ते खेचरांच्या पलटणीत होते आणि ब्रह्मदेशातून पायी परत आले होते. मामा म्हणाले, "रस्ता त्यांना विचारा. ॲटलासला काय माहीत." आम्ही ठरवलं, सगळं सामान लादून नानांकडे जायचं. पाऊणशे किलोमीटरचा सराव होईल आणि रस्ताही कळेल.

जानेवारीत एका पहाटे निघालो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना खताच्या गोण्या शिवून केलेल्या पिशव्या होत्या. त्यात कपडे, पातेलं, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान आणि वजन भरावं म्हणून विटा. थंडीने बोटं ब्रेकवर वळत नव्हती. पारोळ्याला चहाला थांबलो. टपरीवरच्या एका आबांनी पिशव्यांकडे बघत विचारलं, "कोठे चालनात?" (कुठे निघालात?)

किशोर म्हणाला, "ब्रह्मदेशात."

आबांनी बशीतला चहा संपवला. "मंग लवकर निंघा. दुपारले ऊन व्हस."

धुळ्याच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्याने माझं मागचं चाक बसलं. तासाभराने परत बसलं. किशोरने पिशवीतल्या विटा काढून रस्त्याकडेला मांडून ठेवल्या आणि म्हणाला, "ब्रह्मदेशात विटा मिळतील." धुळ्यानंतर आग्रा रोड लागला. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, प्रत्येक ट्रकमागून धुळीचा झोत येई. दोन्ही बाजूंना वेचून झालेला कापूस काळा पडून उभा होता. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा माझे पाय थरथरत होते, आणि मंडाले इथून किती, हा विचार मी मुद्दाम टाळला.

दिवस मावळायच्या आत गावात पोचलो. नथूनाना ओट्यावर बसले होते, उंच, वाळलेले. त्यांची बायको, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणे, त्यांनी आमच्याकडे बघून आधी पाणी ठेवलं. "पोरेहो, जेवी ल्या पहिले. देश कोठे पळी नही जाणार."

कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची), वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. दोघांनी मिळून नऊ भाकरी खाल्ल्या. अक्का मोजत नव्हत्या, मी मोजत होतो. जेवल्यावर मी नकाशा उलगडला. नानांनी तो हातात घेतला नाही. नुसतं बोट फिरवलं आणि कलेव्यावर थांबवलं.

अक्का भांडी उचलता उचलता म्हणाल्या, "तठे जाशात ते एक नारळ फोडशात का? नानानी मन्हा पहिला मालकले तठेच डाग दिन्हा व्हता." (तिथे गेलात तर एक नारळ फोडाल का? नानांनी माझ्या पहिल्या नवऱ्याला तिथेच अग्नी दिला होता.)

आम्ही नानांकडे बघितलं. ते तंबाखू मळत होते. मग अक्कांनीच सांगितलं. त्यांचा पहिला नवरा भिका आणि नाना एकाच गल्लीतले, एकाच दिवशी भरती झालेले. भिका माघारीच्या वाटेवर आजारी पडून गेला. नानांनी येऊन सांगितलं तेव्हा अक्का सतरा वर्षांच्या होत्या. बांगड्या फुटल्या. दोन वर्षांनी जाणत्या माणसांनी बसून नानांशी पाट लावला (विधवेचं पुन्हा लग्न, आमच्याकडे शेतकरी घरांत ही रीत आहे). अक्का हे सगळं शेजारणीची हकिगत सांगावी तसं बोलल्या. शेवटी फक्त म्हणाल्या, "त्यानं कोणीच नही तठे. एक नारळ." (त्याचं तिथे कोणीच नाही.)

मी हो म्हणालो. मला तेव्हा फार अभिमान वाटला. आपल्या सफरीला काहीतरी कारण मिळालं असं वाटलं.

सकाळी नाना आम्हाला सडकेपर्यंत पोचवायला आले. आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. वडाखाली ते थांबले. नाना अहिराणीत बोलले. मी माझ्या मराठीत लिहितो, पहिलं वाक्य मात्र तसंच ठेवतो.

"मी डाग नही दिन्हा. तो जित्ता व्हता." (मी अग्नी दिला नाही. तो जिवंत होता.)

भिकाला हगवण लागली होती आणि पाय सुजून बूट चढत नव्हता. खेचरं मेली होती. मागे राहील त्याला थांबायचं नाही, असा हुकूम होता. कलेव्याच्या अलीकडे एका सागाखाली नानांनी त्याला टेकवून बसवलं आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवली. भिका म्हणाला, तू पुढे हो, मी येतो. वळणावर नानांनी मागे बघितलं. भिकाने हात हलवला.

"माश्या हाकलत होता की मला बोलवत होता," नाना म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षं झाली. ठरत नाही."

किशोरने विचारलं, "मग घरी तसं का सांगितलंत नाना?"

"हरवला म्हटलं असतं तर पोरगी बारा वर्षं कुंकू लावून बसली असती. बारा वर्षांनी त्याच्या नावाने पिठाचा पुतळा जाळला असता. मला वाटलं, तो मेलाच असणार. तिचं आयुष्य तरी मोकळं होईल." ते वडाच्या मुळीवर बसले. "पाटाचं विचारलं तेव्हा मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी नाही म्हणालो नाही."

त्यांनी आमच्याकडे एकच मागितलं. तिथल्या गावात विचारा. कोणाला तो सापडला का, कधी मेला, कोणी माती दिली. जे कळेल ते परत येऊन त्यांच्याच कानात सांगायचं. अक्कांना नाही. नुसतं मेला एवढं कळलं तरी नानांना पुरे होतं.

परतीच्या वाटेवर किशोर धुळ्यापर्यंत माझ्या पुढेच सायकल मारत राहिला. धुळ्याला म्हणाला, "आपण सायकल फिरवायला निघालो होतो रे." पुढच्या महिन्यात त्याच्या वडिलांनी त्याला दुकानात बसवलं आणि सोयरीक ठरवली. त्याने आपली ट्यूब आणून माझ्याकडे दिली. मी त्याला दोष देत नाही.

मी तयारी चालू ठेवली. आता शिक्क्यांची वही मनात नव्हती. ब्रह्मदेशाच्या वकिलातीला अर्ज लिहिला. उत्तर येईना म्हणून आणखी एक वेडेपणा केला. आमच्याकडे गावातल्या माणसाचा पत्ता नसला की पोस्टमास्तरला लिहितात. मीही 'पोस्टमास्तर साहेब, कलेवा, ब्रह्मदेश' असा पत्ता घालून इंग्रजीत आणि हिंदीत एक पत्र टाकलं. लढाईत मागे राहिलेल्या भिका नावाच्या धुळ्याकडच्या शिपायाची काही माहिती असल्यास कळवावी, असं त्यात होतं. अमळनेरच्या पोस्टातले बाबू पाकीट उलटसुलट बघून म्हणाले, "पोचलं तर मलाही सांग."

दिवाळीनंतर वकिलातीचं उत्तर आलं. परदेशी माणसाला विमानाने रंगूनलाच उतरता येईल, मुक्काम सात दिवस. जमिनीवरची हद्द बंद आहे. त्या भागात फिरण्याची परवानगी नाही. सायकलचा उल्लेखही नव्हता.

नानांना तोंडानेच सांगितलं पाहिजे असं वाटलं. या वेळी एस.टी.ने गेलो. ओट्यावर कोणी नव्हतं. अक्का आत निवडत बसल्या होत्या, कपाळ मोकळं. मी दारातच समजलो.

"बारा दिन व्हयनात," त्या म्हणाल्या. "रोज तुमन्ही वाट देखे." (बारा दिवस झाले. रोज तुमची वाट बघायचे.)

मी सांगितलं की जाता आलं नाही. नारळ फोडता आला नाही. त्यांनी मान हलवली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्यासले काहीतरी सांगानं व्हतं माले. तोंड उघडेत, मंग पाणी मांगेत." (त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडायचे, मग पाणी मागायचे.) त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुले माहीत शे का काही?"

मी नाही म्हणालो.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. तेच भरीत होतं. दीड भाकरी गेली.

उन्हाळ्यात, माझी परीक्षा संपली त्या आठवड्यात, पाकीट आलं. तिकीट कोणीतरी काढून घेतलेलं, कडा ओल्या होऊन वाळलेल्या. आतलं पत्र हिंदीत, कलेव्याजवळच्या एका शाळामास्तरांचं. त्यांचे आजोबा बिहारकडून तिकडे गेलेले. पोस्टमास्तरांनी माझं पत्र त्यांच्याकडे दिलं होतं, कारण हिंदी वाचणारे तेवढेच उरले होते.

हे पत्र मी अक्कांना नेऊन दाखवलं नाही. दोनदा निघालो, दोन्ही वेळा धुळ्याच्या स्टँडवरून परत फिरलो. बरोबर केलं की चूक, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मास्तरांनी लिहिलं होतं की चौकशीतला मनुष्य त्यांच्या शेजारीच राहतो. सागतोड्या लोकांनी त्याला बैलगाडीत घालून आणलं होतं. एक पाय वाकडा आहे. भाताच्या गिरणीवर राखणदार होता, आता काम होत नाही. तिथलीच बायको केली होती, ती गेली. एक मुलगी आहे. तुमचं पत्र मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. मग त्याने आपल्या भाषेत एक वाक्य म्हटलं आणि ते तसंच लिहून पाठवा म्हणाला. मला अर्थ कळला नाही, उच्चार ऐकून लिहितो आहे.

"नथू घर पोचना का?" (नथू घरी पोचला का?)