लाल अक्षरातलं नाव

सांगलीहून निघताना शेजारणींनी मला बजावलं होतं, "अमेरिकेत जाताय, गोऱ्या लोकांशी जपून बोला हं!" क्युपर्टिनोत पोचून आठ दिवस झाले तरी जपून बोलायला एक गोरा माणूस सापडेना. मुलाच्या घरातून बाहेर पडलं की ओळीने चिनी दातांचा डॉक्टर, चिनी बेकरी, गणिताची चिनी शिकवणी, चिनी केस कापायचं दुकान. पाट्यांवर वर ठसठशीत चिनी आणि खाली बारीक इंग्रजी. मधेच एखादं इडलीचं दुकान. मी निखिलला म्हटलं, "अरे, मला नक्की कुठे आणलंयस?"

"आई, इथे हे नॉर्मल आहे," तो म्हणाला. "आमच्या टीममध्ये निम्मे आपले, निम्मे त्यांचे. गोरा मॅनेजर जॉइन झाला तर आम्हीच त्याला सांभाळून घेतो."

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. स्थलांतराचा धडा माझा फार आवडता. फळ्यावर जगाचा नकाशा काढायचा आणि खडूने इकडून तिकडे बाण मारायचे. आता सहा महिने बाणाच्या टोकाशी राहायचं होतं, पण तिथे करायचं काय ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. निखिल सकाळी सांता क्लाराला ऑफिसला जायचा तो संध्याकाळी उगवायचा. दिवसभर बोलायला कोणी नाही. मला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल.

जवळच्या बागेत रोज सकाळी वीस-पंचवीस चिनी म्हातारी माणसं ताई ची (सावकाश हातपाय फिरवायचा व्यायाम) करायची. दोन दिवस मी लांबून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढची एक ठेंगणी बाई मागे वळली, माझा हात बघितला आणि कोपरावर टपली मारून तो खाली केला. आयुष्यभर मी पोरांना टपल्या मारल्या, मला कोणी मारली नव्हती. आधी राग आला, मग हसूच आलं. त्या लिनबाई. आमच्यापासून चौथं घर त्यांचं.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. तरी आमचं झकास जमलं. त्या मला चिनी बाजारात घेऊन गेल्या. तिथे कारली, अळकुड्या, चवळीच्या शेंगा, लाल माठ! आपल्या मंडईत आल्यासारखं वाटून मी इतकी हरखले की माठाच्या चार जुड्या उचलल्या. लिनबाईंनी त्यातल्या दोन परत ठेवल्या आणि देठ मोडून ताज्या निवडून दिल्या. त्या नादात माझा धक्का खेकड्यांच्या टोपलीला लागला आणि एक खेकडा टुणकन माझ्या चपलेवर. मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून अख्खं दुकान हसलं.

लिनबाईंची सून ग्रेस. ती इंग्रजी बोलायची, त्यामुळे मला त्यांची हकीकत कळली. चाळीस वर्षांपूर्वी नवरा-बायको दक्षिण चीनमधल्या खेड्यातून सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये आले. दोघं हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबले. एका खोलीत संसार, मजल्यावर सगळ्यांत मिळून एक संडास. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला, आणि घर इकडे आलं. सासरे सहा वर्षांपूर्वी गेले. "आधी आम्ही दोन-चार गल्ल्यांत मावायचो," ग्रेस म्हणाली, "आता गावंच्या गावं आमची आहेत."

मला परत यायला तीन आठवडे राहिले असताना लिनबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आला. चायनाटाऊनमधल्या त्यांच्या जुन्या हॉटेलात दुपारचं जेवण होतं आणि आम्हा मायलेकांना आग्रहाचं आमंत्रण. निखिल ड्राइव्ह करत होता. मी वाटेत एका दुकानाशी गाडी थांबवायला लावली. रिकाम्या हाताने कसं जायचं? आत पांढरी शुभ्र शेवंती होती, वाटीएवढ्या टपोऱ्या फुलांची. आपल्याकडे देवाला वाहावी अशी. सगळ्यात मोठा गुच्छ मी निवडला. निखिल म्हणाला, "वॉव, क्लासी दिसतोय."

चायनाटाऊन म्हणजे उभ्या चढावर बसलेलं गाव. गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, दुकानांबाहेर सुक्या मासळीच्या टोपल्या, चौकात पत्ते कुटणारी म्हातारी मंडळी. हॉटेलात लाल टेबलक्लॉथ, लाल कंदील, आहेराची लाल पाकिटं. लिनबाईही लाल जाकिटात. मी थाटात पुढे गेले आणि गुच्छ त्यांच्या हातात दिला.

लिनबाईंच्या शेजारी बसलेली एक म्हातारी ताडकन उठली आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी ओरडली. ग्रेसचा चेहरा उतरला. लिनबाई फुलांकडे बघत राहिल्या, मग गुच्छ घेऊन आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते.

ग्रेस मला बाजूला घेऊन गेली. "आंटी, वाईट वाटून घेऊ नका. पण पांढरी शेवंती आमच्यात फक्त मयताला आणि थडग्यावर."

ऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या वाढदिवशी मी जणू तिरडीचं सामान दिलं होतं! जेवणात काय काय होतं म्हणून विचाराल तर दीर्घायुष्यासाठी लांबच लांब नूडल्स होत्या, एवढंच आठवतं. त्या तोडायच्या नसतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी लिनबाई बागेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी त्यांच्या दारावरून दोनदा गेले, बेल वाजवायचा धीर झाला नाही. "सॉरीचा मेसेज टाक ना यार," निखिल म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले. सहा महिन्यांत या देशात मी एक माणूस जोडलं होतं आणि तेही असं अपशकुन करून घालवलं. तशीच विमानात बसले असते तर सांगलीला जाऊनही ते मला डाचत राहिलं असतं. मी रडले, खोटं कशाला सांगू?

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ग्रेस, मागे गाडीत लिनबाई. "आई म्हणतायत, चला."

"रागावल्यात ना?"

"अहो, छे! तुमच्यावर ओरडल्या त्या आईंच्या नणंदबाई. त्या आठवडाभर आमच्याकडे मुक्कामाला होत्या. तुम्ही त्यांच्या समोर पडू नये म्हणून आई घराबाहेरच पडल्या नाहीत. काल नणंदबाई आपल्या घरी गेल्या एकदाच्या."

नणंद! मला एकदम हायसं वाटलं. हे दुखणं मला चांगलं ठाऊक होतं. गाडीत बसले, तर लिनबाईंच्या मांडीवर तोच गुच्छ. आठवडाभर त्यांनी तो गॅरेजमध्ये बादलीत जपला होता. एक पाकळी गळली नव्हती.

गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला टेकडीवर एका दफनभूमीशी थांबली. एका बाजूला जुने, झिजलेले दगड, दूर दूर. ग्रेस म्हणाली, "हे एकटे आलेले पुरुष. रेल्वे बांधायला, खाणीत. जमलं तर नातेवाईक त्यांची हाडं नंतर गावी न्यायचे. इथे राहायचं कुणाच्या मनातच नव्हतं." दुसऱ्या बाजूला नवे, गुळगुळीत दगड, ओळींमागून ओळी, उतारावर खालपर्यंत. तिथे संत्री, उदबत्त्या आणि सहकुटुंब आलेली माणसं. नातवंडं इंग्रजीत भांडत होती. लोक एखाद्या देशात रुजले हे कशावरून ओळखायचं, ते मला त्या उतारावर कळलं. दुकानांच्या पाट्या मोजून ते कळत नाही. आपली हाडं परत नेऊ नका असं ते म्हणतात, तेव्हा ते रुजलेले असतात. तीस वर्षं शिकवलं, पण हे कधी सांगितलं नव्हतं.

लिनबाई एका दगडाशी थांबल्या. त्यावर दोन नावं कोरलेली. एक सोनेरी, एक लाल. सोनेरी नवऱ्याचं. "आणि लाल?" मी विचारलं. लिनबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. जिवंत माणसाचं नाव लाल रंगवतात आणि ते गेलं की रंग बदलतात, ग्रेसने सांगितलं. मी दचकले. लिनबाई मात्र रुमालाने स्वतःचं नाव असं पुसत होत्या, जशी आपण दाराची पाटी पुसतो.

त्यांनी गुच्छ सोडला, निम्मी फुलं माझ्या हातात दिली आणि ठेवायची खूण केली. मग काहीतरी विचारलं. ग्रेस म्हणाली, "तुमचे मिस्टर कुठे आहेत, म्हणतायत."

"नदीत," मी म्हटलं. "कृष्णेत अस्थी सोडल्या. दगड नाही, नाव नाही."

लिनबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे त्यांना भरपूर जागा आहे," त्या म्हणाल्या. ग्रेसने हे सांगितलं आणि आम्ही तिघी त्या दफनभूमीत खळखळून हसलो. मग मला रडू आलं. लिनबाईंनी कोपरावर टपली मारली.

परतीच्या दिवशी त्या दारात आल्या, माठाची एक जुडी घेऊन. विमानात नेता येत नाही हे त्यांना कोण सांगणार? ग्रेसमार्फत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या." मी सवयीने म्हटलं, "बघू, जगले-वाचले तर."

सांगलीत येऊन चार महिने झाले. शेजारणी विचारतात, अमेरिका कशी आहे? मी म्हणते, माणसांची आहे, आपल्यासारख्याच माणसांची. काल सकाळी ग्रेसचा फोटो आला. लिनबाई त्याच दगडाला टेकून उभ्या, तोंडभर हसत, आणि बोट आपल्या नावावर. खाली ग्रेसने लिहिलं होतं, "आई म्हणतायत, अजून लाल आहे. या लवकर."

मी निखिलला फोन लावला आणि म्हटलं, तिकीट काढ.