उपाशी पेशी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘कंजूष मॅडम’ म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. कारण एवढंच, की बाकीचे लोक आपापल्या पेशींना भरपूर ग्लुकोज घालून लाडात वाढवत. पेशी भराभर वाढत, डिश गच्च भरे, फोटो सुरेख येत. मॅडम मात्र ग्लुकोजला हात लावू देत नसत. त्यांच्या पेशींच्या वाट्याला दुसरीच एक साखर येई, जिच्यातून ऊर्जा काढायला पेशीला घाम गाळावा लागे.

त्यामागे तिरसटपणा नव्हता. आयतं ग्लुकोज मिळालं की पेशी वरवरचं काम करून भागवते. तिच्या आत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया नावाची इवली केंद्रं असतात, ती मग नुसती बसून राहतात. अशा वेळी एखाद्या औषधानं ती केंद्रं बंद पाडली, तरी पेशीला पत्ताही लागत नाही. जे यंत्र तपासायचं ते आधी चालू तर हवं, एवढंच मॅडमचं म्हणणं होतं. शेंबड्या पोरालाही पटावं असं. पण उपाशी पेशी सावकाश वाढतात, आणि विभागप्रमुख सरांना कुठलीच गोष्ट सावकाश झालेली खपत नसे.

त्या वर्षी एक नवं औषध तपासायला आलं होतं. सरांची बढती ठरली होती. त्यांच्या जागी कोण, हे याच कामाच्या शोधनिबंधावर ठरणार होतं आणि मॅडमचं नाव पुढे होतं. मॅडमच्या पेशी त्या औषधानं मरत होत्या, म्हणजे औषध ती केंद्रंच बंद पाडत होतं. शेवटची फेरी तेवढी उरली होती, आणि तेवढ्यात आई आजारी पडल्याचा फोन आला.

निघताना त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला नेहमीसारखंच बजावलं, “पेशी मरगळलेल्या दिसतील. पण दया करायची नाही.”

“अगं, तू जा निवांत. मी काय आज आले का इथे?” मैत्रीण म्हणाली.

दवाखान्यात मॅडम आईला चमच्याचमच्यानं भरवत बसल्या. आईची जीभ शेवटपर्यंत शाबूत होती. “तिकडे सगळ्यांना उपाशी ठेवतेस आणि इकडे माझ्या तोंडात कोंबतेस,” ती म्हणाली. दोघी हसल्या. त्यानंतर आईनं काही खाल्लं नाही, आणि त्या आठवड्यातच ती गेली.

मॅडम परतल्या तेव्हा शोधनिबंध लिहून तयार होता. औषध पेशींना निर्धोक असल्याचं त्यात म्हटलं होतं आणि लेखकांत मॅडमचं नाव पहिलं होतं. त्यांनी पेशी ठेवायचा इन्क्युबेटर उघडला. त्यांच्या डिशमधलं पाणी नेहमी लालसर असायचं. आज ते पिवळं पडलं होतं. ग्लुकोजवर चरणाऱ्या पेशी आंबट घाण टाकतात, त्यानं पाणी असं पिवळं होतं. त्यांना आणखी काही विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

“बघवेना गं मला,” मैत्रीण म्हणाली. “आधीच तुझ्या आईचं तसं, त्यात तुझ्या पेशी मरायला टेकलेल्या. सरांना निकाल हवा होता. म्हटलं, थोडं घालावं. कशा तरारल्या बघ.”

सरांनी तर खुर्चीत बसल्या बसल्या मानही वर केली नाही. “वाढ किती छान आहे ते बघा. इतकी वर्षं तुम्ही त्यांना छळलंत, म्हणून मरत होत्या. पुन्हा करायला वेळ नाही. नाव काढायचं असेल तर काढा, आग्रह नाही.”

मूग गिळून बसल्या असत्या तर ती खुर्ची त्यांची होती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी नाव काढलं. खुर्ची मैत्रिणीला मिळाली. पेढीवरच्या नव्या मालकासारखी ती पहिल्या दिवशी सगळ्यांना भेटून गेली आणि मॅडमना पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं देऊन गेली. तिथे मॅडमनी निवृत्तीपर्यंत कांद्याचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. औषधाचं व्हायचं ते झालं. ते घेणाऱ्यांच्या पायांतलं बळ जाऊ लागलं आणि गाजावाजा न करता ते बंद झालं. कुणाचं काही वाकडं झालं नाही, म्हणजे प्रयोगशाळेतल्या कुणाचं.

पुढे सरांचा मोठा सत्कार झाला. निमंत्रण सगळ्या जुन्यांना होतं, म्हणून मॅडमही गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. सर चांगले बोलत, ते कबूल करायलाच हवं. त्यांनी पडद्यावर दोन डिश दाखवल्या, एक लाल, एक पिवळी. ग्लुकोजवर वाढवलेली पेशी आपल्याला कसं फसवते आणि ही फसवणूक आपण आयुष्यभराच्या कष्टानं कशी हुडकली, ते सविस्तर सांगितलं. शेवटी चष्मा काढून तरुणांकडे बघत ते म्हणाले, “पेशी मरगळलेल्या दिसतील. पण दया करायची नाही.”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत मैत्रीण उभी राहूनच वाजवत होती. मॅडमचा जीव जळला.

“काय वाक्य आहे ना, मॅडम?” शेजारी बसलेला तरुण प्राध्यापक म्हणाला.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “माझंच आहे ते.”

म्हातारीनं छान विनोद केला असं वाटून तो मनापासून हसला, आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागला.