बर्फ घातलेल्या ब्लूबेरी

इमारतीत त्याला सगळे ‘सल्लागार’ म्हणत. उंटावरून शेळ्या हाकण्यात उभा जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्याने गच्चीवर ब्लूबेरीच्या चार कुंड्या आणल्या, त्याही बर्फाळ मुलखातल्या वाणाच्या. रोपवाल्याने बजावलं होतं, “साहेब, याला फुलायला कडक थंडी लागते. आपल्या हवेत नुसती पानं येतील.”

“थंडी मी देतो,” हा म्हणाला आणि हिवाळाभर फ्रिजमधला बर्फ कुंड्यांत ओतत बसला. फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही, पण बायकोला विचारतो कोण? तिला आताशा राग येत नसे, नुसती शिसारी येई.

तिच्या धाकट्या बहिणीने तिला कमी थंडीत फळणाऱ्या वाणाचं रोप दिलं होतं. रंगाच्या जुन्या डब्याला भोकं पाडून, ब्लूबेरीला लागते तसली आंबट माती भरून तिने ते लावलं. “हलकं वाण,” सल्लागाराने नाक मुरडलं. तेच झाड उन्हाळ्याच्या तोंडाला लगडलं. पहिली फळं दोघी बहिणींनी मिळून खायची ठरली होती, म्हणून तिने एकही तोडलं नाही.

बहीण यायची त्याच सकाळी बागप्रेमी मंडळ सल्लागाराच्या ब्लूबेरी बघायला आलं. ती चहा घेऊन वर गेली, तर तिचं झाड ओकंबोकं आणि याच्या चारही झाडांना निळी फळं! जवळून पाहिलं, तर एकेक फळ तिच्याच शिवणाच्या डब्यातल्या हिरव्या दोऱ्याने बांधलेलं. साठी उलटलेला हा घोडा पहाटे उठून गाठी मारत बसला होता. लाज कोळून प्यालेला.

“थंडी नीट दिली की झाड ऐकतं,” तो सांगत होता आणि मंडळ माना डोलावत होतं.

तिने कात्री आणली आणि ती सगळ्यांदेखत दोरे कापून फळं वाटीत घ्यायला लागली.

“अगं, काय करतेस?”

“माझी फळं काढून घेते.”

मंडळी कपात बघायला लागली. शेवटी एका बाईंनी तिला हळूच विचारलं, “माती कुठली घातलीत हो?”

“मी सांगतो,” म्हणत सल्लागार पुढे सरसावला.

वाटी घेऊन ती खाली आली आणि तिने बहिणीला फोन लावला. “तू नको येऊस. मीच येते तुझ्याकडे, राहायला. झाडही आणते, डब्यातच तर आहे.”