कडेचं लिहिणं

त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. शाहूपुरीतला तो बाईंडर. नखांत वाळलेली खळ, कानावर पेन्सिल. कागदांची गड्डी हातात आली की आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायची त्याला सवय.

माझा मित्र गेला तेव्हा मागे अकरा वह्या राहिल्या. त्यांत त्याची राक्षसांची, जादूगारांची भलीमोठी कादंबरी होती. त्याच दुनियेवर त्याने पटावरचा एक खेळही रचला होता. पट सापडला, सोंगट्या सापडल्या, नियम मात्र कुठेच नाहीत. शेवटी नुसती कादंबरी छापायची असं त्याच्या बायकोने आणि मी ठरवलं. वह्यांच्या कडा उंदरांनी कुरतडल्या होत्या. छापखान्यात देण्याआधी त्या कापून सरळ करा, असं मीच मोठ्या शहाणपणाने बाईंडरला सांगितलं.

त्याने वही मशीनखाली सरकवली, अंगठा फिरवला आणि परत बाहेर ओढली.

"पावणं, कडंला बारीक लिवलंय की! हे बी कापायचं व्हय?"

समासात फिक्या पेन्सिलीने, उभं लिहिलेलं. कुठली सोंगटी किती घरं चालते, कधी मरते, सगळं. मी वही उजेडात धरली.

"चारदा वाचल्यात हो मी या वह्या!"

"तुमी मदलं वाचता. आमी कड बघतो."

कादंबरी आणि खेळ एकत्रच छापून आले. पहिली प्रत मी त्याला नेऊन दिली. त्याने कडेवरून अंगठा फिरवला आणि हसला.

"समास मोठा सोडलाय न्हवं? बरं केलंसा. कुनाला तरी लागंल."