पोट्टी छाप

बिडीचा कट्टा, म्हणजे बिड्यांचं पुडकं, कोणी नाव वाचून मागत नसे. वाचता येणारे होतेच किती? "घोडा दे," "मोर दे," "लाल धाग्याची दे," असंच दुकानावर ऐकू यायचं. हे मला मागाहून कळलं असं म्हणायची सोय नाही. आमचा कारखाना फुलचूरला, घराच्याच ओसरीत होता, आणि बायकांनी वळून आणलेल्या बिड्या तपासून घ्यायला मीच बसायची. मला सगळं ठाऊक होतं. तरी करायचं ते केलंच.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या दोन-चार वर्षांत गोंदियात ज्याच्या त्याच्या डोक्यात बिडीचं खूळ शिरलं होतं. आम्ही आधी दुसऱ्यांसाठी बिड्या करून द्यायचो. माल आमचा, मार्का त्यांचा. मग आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ठरवलं की आता आपली छाप काढायची. मोठे शेठ स्वतःचाच फोटो छापायचे, मिशा-टोपीसकट. मी म्हटलं, "तुमचं थोबाड पाहून कोण बिडी घेईन?" मी तोंडाळ आहेच. ते हसले आणि आमच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग हिचा लावू."

ती तेव्हा चार वर्षांची होती. जत्रेत तिचा एक फोटो काढला होता, तो एकच. तो घेऊन ते नागपूरला गेले, छापखान्यातून ठसा करून आणला आणि फोटो माझ्या पेटीत परत ठेवला. गुलाबी कागद, मधल्या गोलात ती, वर हिरवा धागा. नाव आम्ही भलं मोठं छापलं होतं, ते कोणी उच्चारलंही नाही. लोक म्हणू लागले पोट्टी छाप. आणि काय सांगू, धडाधड खपायला लागली. वीस-पंचवीस बायकांच्या घरी आमच्या बिडीवर चूल पेटायची.

तिसऱ्या वर्षी मुलीला ताप आला आणि पाच दिवसांत ती गेली.

लहान लेकराला आमच्यात पुरतात. अस्थी नसतात, नदीत सोडायला काही नसतं. आई म्हणून माझ्या हाताला काही कामच उरलं नाही. कागद मात्र तेच येत राहिले. दिवसभर मी ते कट्ट्यांना चिकटवायची आणि प्रत्येक कट्ट्यावर तिला पाहायची. खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायचं. दुसऱ्या बायांची गेलेली लेकरं त्यांना इतकी दिसत नसतील, असंही मनात यायचं.

मग एकदा आमगावला भावाकडे गेले. बाजाराचा दिवस होता. एका माणसाने दुकानावर पोट्टी छाप घेतली, कागद फाडला, बरोबर तिच्या कपाळावरून, आणि टाकून दिला. दोष त्याचा नव्हता. कट्टा फोडायचा तर कागद फाडावाच लागतो. पण मी खाली पाहिलं तर चिखलात असे कितीतरी पडले होते, आणि माणसं, बैलं, सगळी त्यांच्यावरून चालत होती. मी खाली बसले आणि वेचू लागले. भाऊ लाजला. म्हणाला, "बाई, ऊठ ना वं, लोक पाहून राहिले." मी म्हटलं, "पाहू दे." ओटीत मावतील तेवढे उचलून घरी आणले.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, उद्यापासून हा कागद बंद.

"अवं, मंग लोक वळखतीन कायनं?"

"हिरवा धागा आहे ना."

"हिरवा धागा कोनीबी बांधते."

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान्य केलं. दिव्याची नवी छाप आणली. वेचून आणलेले, उरलेले सगळे कागद आणि तो ठसा मी फडक्यात बांधून वैनगंगेत नेऊन सोडला, फूल-हळद वाहून, जसं सोडतात तसा. ते काठावर उभे होते. शिशाच्या ठशाचं काय करतेस, असं त्यांनी विचारलं नाही.

महिनाभरात पेट्या परत येऊ लागल्या. गावोगाव माल पोचवणारा आमचा माणूस हिंदीत बोलायचा. म्हणाला, "भाभी, वही पत्ता, वही तंबाकू, पर लोग हाथ में लेके वापस रख देते हैं. कहते हैं नकली है." काम निम्म्यावर आलं. सुरुवातीपासून आमच्याकडे बिड्या वळणारी एक म्हातारी ओसरीच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "तुया पोरीनं आमचे पोरं जगवले बाई. आता तिले काऊन बंद केलीस?" रागाने म्हणाली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती रागावली नव्हती.

आमचे हे तेव्हा बिडीच्या पानांसाठी, तेंदूपत्त्यासाठी, जंगलात गेले होते. त्यांची वाट पाहायची होती. नाही पाहिली. पेटीतून फोटो काढला आणि माल पोचवणाऱ्या माणसाच्या हातात दिला. म्हटलं, ठसा पुन्हा करून आण, छाप जशीच्या तशी.

आठ दिवसांनी तो खुशीत आला. नवे कागद दाखवले. गोलातली मुलगी हसत होती. गाल गुबगुबीत, डोळ्यांत काजळ. म्हणाला, "पहले वाली तो रोनी सूरत थी, भाभी. हँसता चेहरा बिकता है." त्याचं म्हणणं बाजाराच्या दृष्टीने खरंच होतं. मी फोटो मागितला. तो दुसऱ्याच छापखान्यात गेला होता. तिथल्या चित्रकाराची कामाची रीत अशी, की ठसा काढण्याआधी तो फोटोवरच रंग लावून चेहरा दुरुस्त करायचा. आमच्या फोटोवरही लावला होता. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाला घाबरून आमच्या मुलीने ओठ घट्ट मिटले होते, तिथे आता लांबलचक हसू होतं.

तो माणूस गेल्यावर मी पदराचं टोक ओलं केलं आणि हळूहळू पुसू लागले. आधी रंग निघाला. मग त्याच्याखालचंही सगळं निघत गेलं. मला थांबायला हवं होतं. मला वाटत राहिलं की आणखी थोडं पुसलं तर खाली ती सापडेल.

नवी छाप पहिल्यापेक्षाही जास्त खपली. म्हातारीला काम मिळालं, सगळ्यांना मिळालं. जंगलातून परतल्यावर नवऱ्याने नवा कागद हातात घेतला, पाहिला आणि फोटो मागितला. मी दिला. चेहरा निघून गेलेला तो कागद त्यांनी उजेडाकडे धरला, मग उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"हे कोनं केलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं.