हिंगाचा वास

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून वहिनी मघापासून आपली बोटं हुंगत होती. आत दादाच्या पोटाचं ऑपरेशन चाललं होतं.

काल सकाळी धार काढताना म्हशीनं त्याच्या पोटात लाथ मारली. रक्त आलं नाही, बेंबीशेजारी नुसता लालसर वळ उठला. त्यानं उरलेली धार काढली, डेअरीला दूधही घालून आला. संध्याकाळी पोट दुखायला लागलं, तेव्हा गॅस असेल म्हणून वहिनीनं हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला आणि हलक्या हातानं चोळत बसली. मीही म्हणालो होतो, "लावा, बरं वाटेल." आज उजाडलं तेव्हा पोट फळीसारखं कडक झालं होतं. आतडं फाटलंय, डॉक्टर म्हणाले.

जखम दिसली की हातांना काय करायचं ते ठाऊक असतं. ते हळद दाबतात, फडकं बांधतात. पण इथं कातडीखाली आपलं माणूस फाटलेलं होतं आणि वरून मायेचा हात फिरत होता. त्या हाताला आतलं काहीच कळलं नाही.

"भाऊजी, मी चोळलं म्हणून तर फाटलं नसेल ना?"

"नाही वहिनी. डॉक्टर म्हणाले, लाथेनंच फाटलं."

डॉक्टरांना हे विचारायचा मला धीरच झाला नव्हता.

ती उठली, नळावर जाऊन पुन्हा साबणानं हात धुऊन आली आणि ओली बोटं माझ्यापुढे धरली. "गेला का हो वास?"

"गेला," मी म्हणालो. वास तसाच होता.