रिफंड इराच्या आईकडे गेला

मंडळी, आज संध्याकाळी घरात जे घडलं ते अजून पचलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा नवरा कॉन्ट्रॅक्टवर काम करतो. त्याचा टॅक्स रिफंड येणार होता आणि त्यातून माझ्या आईला ऑकलंडला आणायचं ठरलं होतं. रिफंड आलाच नाही. त्याने टॅक्स खात्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून चौकशी केली; इथे चाइल्ड सपोर्टची, म्हणजे मुलांच्या खर्चाच्या पैशांची, वसुलीही तेच खातं करतं. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "तुमची चाइल्ड सपोर्टची थकबाकी आहे. रिफंड त्यात वळता केलाय."

इरा ही त्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी, नऊ वर्षांची, तिच्या आईकडे राहते. "इराचे पैसे जायचेत," असं तो म्हणायचा आणि आम्ही दर महिन्याला हात आखडता घ्यायचो. मागच्या टर्मला ती शाळेच्या कॅम्पला गेली नाही, तेव्हा हाच म्हणाला होता, "इतके देतो, तिची आई करते काय त्यांचं?"

"मग ते पैसे गेले कुठे?" मी विचारलं.

"अगं, गाडीचा हप्ता कशातून जातो असं वाटलं तुला? नंतर एकदम भरणारच होतो."

पैसे इराकडे गेले याचं मला दुःख नाही. आई पुढच्या वर्षी येईल. पण त्याच गाडीतून आम्ही दर शनिवारी इराला आणायला हिल्सबरोला, तिच्या आईच्या घरी जातो. मागच्या सीटवरून ती म्हणते, "आय लव्ह धिस कार, बाबा."

उद्या शनिवार आहे. माझ्या जागी असतात, तर तुम्ही त्या गाडीत बसला असतात?